वेल्डिंगचा त्रास रात्री उठतो

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या अंकात कूलर माळ्यावरून खाली काढताना घ्यायच्या काळजीबद्दल माहिती आली होती. टपात पाणी भरताना प्लग काढून ठेवा, ओल्या हाताने कूलरला शिवू नका, हे छापलंत ते फार चांगलं केलंत. नागपुरात दर उन्हाळ्यात कूलरच्या करंटने कुणाचं ना कुणाचं घर बसतं. पण ज्याच्यावर तो कूलर ठेवतात त्या लोखंडी स्टँडबद्दल त्यात काही नव्हतं. गेल्या दोन-तीन वर्षांपासून आमच्या भागात लोक हा स्टँड घरीच वेल्ड करू लागले आहेत, आणि मला जे सांगायचं आहे ते त्याबद्दल. पत्र लांबलं तर कापा, पण डोळ्यांचा आणि अर्थिंगचा भाग तेवढा ठेवा ही विनंती.

मी हुडकेश्वर रोडला गेट-ग्रिलचं दुकान चालवतो. १९८७ साली आयटीआयमधून वेल्डर ट्रेड केला, तेव्हापासून हातातला होल्डर, म्हणजे वेल्डिंगचा रॉड धरायचा चिमटा, सुटलेला नाही. तो कोर्स एक वर्षाचा. सुरुवातीचे कित्येक दिवस आमच्या मास्तरांनी आर्क, म्हणजे रॉड आणि लोखंडामधली ती झगझगीत ज्योत, पेटवूच दिला नव्हता. करंट बंद ठेवून नुसता रॉड धरायचा आणि पट्टीवरून हात चालवायचा. काच कशी तपासायची, केबल कुठे सोललेली आहे, क्लॅम्प कुठे लावायचा, हे तोंडपाठ झाल्यावरच स्विच चालू. आता पाच-सात किलोची इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन एका कूलरच्या किमतीत खोक्यात भरून घरपोच येते. सोबत होल्डर, क्लॅम्प, एक ब्रश आणि हातात धरायची प्लास्टिकची ढाल. माहितीपत्रक बारीक इंग्रजीत. वर्षभर जे आम्हाला शिकवलं ते या खोक्यात कुठेच नसतं. मशीन घरात आली याचं मला वाईट वाटत नाही. पोरं हाताने काही करतात हे चांगलंच आहे. काळजी वाटते ती शिकवणाऱ्या माणसाशिवाय ती घरात येते याची.

मागच्या वर्षी अक्षय तृतीयेच्या आदल्या रात्री दीड वाजता आमची बेल वाजली. समोरच्या बिल्डिंगमधल्या बाई दारात रडत उभ्या होत्या. "भाऊ, चला ना जी लवकर. पोट्टा डोळे उघडूनच नाही राहिला. नातीचेही डोळे लाल झाले, ती तर नुसती ओरडून राहिली." मी तसाच गेलो. मुलगा इंजिनिअरिंगला, बावीस वर्षांचा. पलंगावर उशीत तोंड खुपसून पडला होता. सुट्टीत मामाकडे आलेली सहा वर्षांची भाची आजीला बिलगून रडत होती. घरात कुणी बटाटा किसत होतं, कुणी गुलाबजलाची बाटली शोधत होतं. दोघांच्याही डोळ्यांत काहीतरी गेलं असणार, असा सगळ्यांचा समज. मी एकच विचारलं, "बाबू, आज वेल्डिंग मारली का?"

"मारली ना काका, गॅलरीत. पण ते तर संध्याकाळी. दोन तास. तेव्हा काहीच झालं नव्हतं."

संपादक महोदय, मला जे सांगायचं आहे ते या एका वाक्यात आहे. तेव्हा काहीच झालं नव्हतं. पोराने गाडीवर लावायचा काळा गॉगल घालून स्टँड जोडला, फोटो काढून मित्रांना पाठवले, जेवला, झोपला. भाची गॅलरीच्या उंबऱ्यावर बसून ती चमक फुलबाजीसारखी बघत होती. आर्कमधून जे अतिनील किरण निघतात ते डोळ्याच्या बुबुळावरची वरची पातळ त्वचा भाजून काढतात, आणि ते भाजणं कळायला साधारण सहा ते बारा तास लागतात. आम्ही त्याला 'आर्क लागला' म्हणतो. वाळू आणि तिखट एकदम डोळ्यात कोंबल्यासारखं होतं, पाणी थांबत नाही, ट्यूबलाइटचा उजेडही सोसत नाही. संध्याकाळी काम केलेल्या माणसाला हे बरोबर मध्यरात्री होतं, म्हणून घरच्यांना वेल्डिंगची आठवणच येत नाही.

त्या रात्री मी दिवे बंद करवले, बंद डोळ्यांवर गार पाण्याच्या घड्या ठेवायला सांगितल्या आणि चोळायची सक्त मनाई केली. बटाटा, दूध, कांद्याचा रस यातलं काही डोळ्यात घालू दिलं नाही. भाजलेल्या बुबुळावर मातीतले जंतू नेऊन ठेवायचे कशासाठी? सकाळी दोघांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टर लोखंडाचा कण रुतला आहे का तेही बघतात, ते घरी बसून कळत नाही. दोन दिवसांत दोघंही बरे झाले. बहुतेक वेळा असंच होतं. पण एक गोष्ट आमच्याच धंद्यातल्या लोकांना हात जोडून सांगतो. डोळा सुन्न करणाऱ्या थेंबांची बाटली काही दुकानांत ठेवलेली असते. थेंब टाकले की पाच मिनिटांत ठणका थांबतो आणि माणूस पुन्हा कामाला लागतो. ते थेंब जखम भरू देत नाहीत, आणि सुन्न डोळा चोळला तरी समजत नाही. डॉक्टर हे थेंब फक्त तपासताना वापरतात, घरी न्यायला देत नाहीत, ते याचसाठी.

काचेचं सांगतो. वेल्डिंगच्या काळ्या काचेला नंबर असतो आणि तो काचेवर छापलेला असतो. घरी लोक अडीच मिलिमीटरचा रॉड साधारण ६० ते ९० अँपिअरवर चालवतात, त्याला १० नंबरची काच लागते. ३.१५ चा रॉड सव्वाशे अँपिअरपर्यंत नेला तर १० किंवा ११. गॅस कटिंगचा हिरवा गॉगल ५ नंबरच्या आसपास असतो, तो आर्कला चालत नाही. उन्हाचा गॉगल तर नाहीच. त्यात तोंड उघडं राहतं आणि दुसऱ्या दिवशी गळ्याची, गालाची कातडी निघते. ज्या काचेवर नंबर नाही ती मी माझ्या पोरांना वापरू देत नाही, मग ती मशीनसोबत फुकट का आलेली असेना. काळ्या काचेच्या पुढे एक साधी पांढरी काच लावावी. ठिणग्या तिच्यावर बसतात, ती बदलली की झालं. पॉपडी, म्हणजे सांध्यावर जमलेला मळीचा कडक थर, ठोकून उडवताना काळी काच वर केलेली असते, तेव्हा आत साधा पारदर्शक चष्मा हवाच. गरम पॉपडी उडून डोळ्यात जाण्याचे प्रकार मी आर्क लागण्याइतकेच पाहिले आहेत.

बघणाऱ्यांचं कुणी धरतच नाही. रस्त्यावर ग्रिल जोडणं चालू असतं आणि शाळेतून येणारी मुलं उभी राहतात. पांढऱ्या भिंतीवरून, जस्ती पत्र्यावरून परतलेला आर्कही लागतो. आमच्या दुकानापुढे मी जाड ताडपत्रीचा पडदा लावतो आणि पेटवण्याआधी मोठ्याने "डोळे!" म्हणून ओरडतो. गॅलरीत काम करायचं तर मुलांना आत पाठवून दार लावून घ्यायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

डोळ्यांसारखाच धूरही रात्री उठतो. १९९४ च्या मे महिन्यात मी एका गोठ्याचं काम घेतलं होतं, सगळे जस्ताचे म्हणजे जीआय पाइप. भिंतीआड बसून दिवसभर जोडले. पांढरा धूर निघत होता, कापसासारखे तंतू हवेत तरंगत होते. त्या वयात त्याचं कौतुकच वाटलं. संध्याकाळी तोंडात गोडसर, धातूची चव. रात्री अकराला अशी हुडहुडी भरली की मे महिन्यात दोन गोधड्या घेतल्या. मलेरिया समजून गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी ताप गेला, आणि मी पुन्हा तेच पाइप जोडायला गेलो, पुन्हा तेच. कारण साधं आहे. जस्त ९०७ अंशाला उकळतं आणि लोखंड वितळायला दीड हजाराच्या आसपास तापमान लागतं. म्हणजे लोखंड वितळायच्या आधीच जस्ताची वाफ होऊन ती नाकात जाते. जुने कामगार याला सोमवारचा ताप म्हणत. रोज काम करणाऱ्याला सवय होते, रविवारच्या सुट्टीत ती मोडते आणि सोमवारी ताप पुन्हा पकडतो.

कूलरची बॉडी आणि आजकाल बरेचसे स्टँडचे पाइपही जस्ती असतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो. सांध्याच्या दोन्ही बाजूंचं जस्त इंच-दीड इंच तरी ग्राइंडरने काढून मग वेल्डिंग करावी, आणि घासतानाही मास्क असावा. काम उघड्यावर करावं. धूर तोंडासमोरून न जाता बाजूने निघून जाईल असा पंखा ठेवावा. डोकं वाकवून धुराच्या सरळ वर धरायची सवय सगळ्या नवशिक्यांना असते, ती मोडावी. आपल्याकडे उन्हासाठी बांधतात तो दुपट्टा धुराला काहीच अडवत नाही, कारण हे कण कापडाच्या विणीपेक्षा कितीतरी बारीक असतात. एन-९५ सारखा मास्क घ्यावा. गूळ खाऊन, दूध पिऊन धूर उतरतो हे मीही वीस वर्षं मानत होतो. दूध पोटात जातं आणि धूर फुफ्फुसात. त्यांची गाठ पडत नाही. हा ताप दोन दिवसांत उतरतो, पण वर्षानुवर्षं घेतलेला धूर उतरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. माझ्याबरोबर शिकलेल्या चौघांपैकी दोघांना आज जिना चढताना दम लागतो, आणि दोघांनीही कधी बिडी ओढली नाही. त्यांचा दम धुराचाच, असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. पण माझ्या दुकानातला प्रत्येक पोरगा आता मास्क लावतो.

आगीचंही तसंच. २००३ च्या उन्हाळ्यात माझ्या शेडच्या कोपऱ्यात एका गिऱ्हाइकाच्या कूलरच्या ताट्या आणि त्यांत भरायच्या वुडवूलचा, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंचा, एक गठ्ठा ठेवलेला होता. काम करत होतो ती जागा तिथून बरीच लांब, निदान वीस फूट. सातला कुलूप लावलं. नऊ वाजता चहावाल्याला पत्र्याच्या फटीतून धूर दिसला म्हणून शेड वाचली. ठिणगी त्या वुडवूलमध्ये शिरून दोन तास आतल्या आत धुमसत होती. वेल्डिंगच्या आणि कटिंगच्या ठिणग्या दहा-अकरा मीटरपर्यंत जातात, हा जगभर मानलेला हिशेब आहे. तेवढ्या अंतरात वुडवूल, खस, गोणपाट, थिनर, गादी काही नको. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून ठिणगी खाली दुसऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, तेही बघावं लागतं. आणि काम संपल्यावर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर, तिथंच थांबावं. आमच्याकडे आता शेवटची वेल्डिंग साडेपाचला बंद होते. तासभर झाडलोट, मोजणी, हिशेब. साडेसहाला एक फेरी मारून मगच कुलूप. बादलीभर वाळू हाताशी असते. पाणीही असतं, पण मशीनचा प्लग काढल्याशिवाय ते कुणी ओतायचं नाही.

करंट मात्र रात्रीपर्यंत थांबत नाही, आणि इथे एका शब्दाने फार घोळ घातला आहे. मशीनला दोन जाड केबल असतात, एक होल्डरची आणि एक क्लॅम्पची. क्लॅम्पच्या केबलला आम्ही सगळे 'अर्थिंग' म्हणतो. त्यामुळे घरी मशीन घेणाऱ्याला वाटतं की क्लॅम्प लावला म्हणजे मशीनला अर्थिंग झालं. ते अर्थिंग नाही. तो करंट मशीनकडे परत जायचा रस्ता आहे. खरं अर्थिंग म्हणजे प्लगची तिसरी, जाड पिन, जी मशीनच्या बॉडीला जमिनीशी जोडते. समोरच्या घरात त्या दिवशी मी प्लग पाहिला तेव्हा ती पिन कापून टाकलेली होती, एक्स्टेन्शन बोर्डात बसत नव्हती म्हणून. २३० व्होल्टची तार आतून बॉडीला लागली असती तर त्या पोराला वाचवायला मशीनजवळ काहीच नव्हतं.

क्लॅम्प लावायचा तो ज्या लोखंडावर काम चालू आहे त्याच्यावरच, सांध्याच्या जितका जवळ जमेल तितका, घासून चकाकवलेल्या जागेवर. गॅलरीच्या रेलिंगला, नळाच्या पाइपला, कॉलममधून बाहेर निघालेल्या सळईला नाही. परतीचा करंट मिळेल त्या रस्त्याने जातो, आणि तो रस्ता कधी शेजारच्या घराच्या वायरिंगची बारीक हिरवी तार असते. ऐंशी-शंभर अँपिअर तिच्यातून गेले तर ती भिंतीतच जळते. म्हणून कूलर स्टँडवर ठेवून स्टँडला टाका मारायचा नाही. "दोनच टाके आहेत, कूलर कोण उतरवणार" असं लोक मला रोज म्हणतात. कूलर उतरवा, प्लग काढा, टप रिकामा करा, फरशी पुसा, मग मारा दोन टाके.

घरात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन आपोआप पाडणारा स्विच, आहे म्हणून लोक निर्धास्त असतात. भिंतीतून मशीनपर्यंत येणाऱ्या करंटसाठी ती खरोखर चांगली गोष्ट आहे. प्रत्येक घरात ३० मिलिअँपिअरची असावी. पण मशीनच्या आतल्या ट्रान्सफॉर्मरने होल्डरकडची बाजू घरच्या लाइनपासून वेगळी केलेली असते. तिथे शॉक बसला तर ती आरसीसीबी पडत नाही. आर्क पेटलेला नसताना होल्डरवर साठ-सत्तर व्होल्ट असतात. कोरड्या हाताला ते फार वाटत नाहीत. पण पारा पंचेचाळिशीवर गेलेला असतो, बनियन चिंब भिजलेलं, माणूस लोखंडावरच बसलेला, आणि रॉड बदलताना हातमोजा काढलेला. माझ्याकडचा एक कारागीर असाच पाण्याच्या लोखंडी टाकीत बसून आतून सांधा मारत होता, भाद्रपदातल्या दमट दुपारी. रॉड बदलताना त्याचा हात आखडला तो सुटेना. बाहेर उभा असलेल्या पोराने मेन स्विच पाडला म्हणून तो आज जिवंत आहे. तो पोरगा बाहेर उभा होता तो चहा घेऊन आला होता म्हणून, माझ्या हुशारीने नाही. तेव्हापासून टाकीच्या, खड्ड्याच्या कामाला स्विचजवळ एक माणूस उभा केल्याशिवाय मी काम सुरू करू देत नाही. चामड्याचे हातमोजे दोन जोड ठेवतो. एक घामाने ओला झाला की दुसरा. पायाखाली कोरडी फळी, पायात बूट. चपलेवर वेल्डिंग करणारा माणूस मी दुकानात उभा करत नाही. कपडे सुती, टेरिकॉट किंवा नायलॉन पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. आणि मशीन सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटला लावू नये, पॉवर पॉइंटलाच लावावी. एक्स्टेन्शनची वायर जाड असावी आणि पूर्ण उलगडलेली असावी. गुंडाळी तशीच ठेवली की ती आत तापून वितळते.

आणखी एक. ऑइलचे, थिनरचे, डिझेलचे रिकामे ड्रम कापून कुंड्या आणि तंदूर करायचा प्रकार वाढला आहे. रिकामा ड्रम रिकामा नसतो, आत वाफ असते, आणि ती बाँबसारखी फुटते. सर्फने धुतला, उन्हात ठेवला, तरी त्याची खात्री देता येत नाही. गाडीची पेट्रोलची टाकी घेऊन येणाऱ्यांना मी परत पाठवतो. गेल्या महिन्यात एक गृहस्थ माझ्यावर चिडून निघून गेले. त्यांनी ती कुठे दुसरीकडे जोडून घेतली नसावी, एवढीच माझी इच्छा आहे. ग्राइंडरचं गार्ड काढून टाकणाऱ्यांनाही तेच सांगणं. मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे मारणारी चकती तुटली तर तिला अडवायला त्या गार्डशिवाय दुसरं काही नाही.

आता मागणी. मोठ्या कारखान्यांत डोळ्यांच्या संरक्षणाचा नियम १९४८ च्या कायद्यापासून आहे. दोन-तीन माणसांच्या दुकानापर्यंत आणि घराच्या गॅलरीपर्यंत तो कधी पोचला नाही. इतवारीच्या लोहाओळीत आणि शहरात इतरत्र ज्या दुकानांतून या मशीन आणि रॉड विकले जातात, त्यांनी मशीनबरोबर १० नंबरची छापील काच आणि चामड्याचे हातमोजे दिल्याशिवाय बिल करू नये. घरपोच मशीन विकणाऱ्या कंपन्यांनी खोक्यात एक पान मराठीत, मोठ्या अक्षरात टाकावं. आर्क रात्री लागतो, तिसरी पिन कापू नका आणि जस्त घासून काढा, एवढं त्यावर असलं तरी पुष्कळ झालं. नागपुरातल्या आयटीआयंनी मार्च महिन्यात एखाद्या रविवारी घरगुती मशीनवाल्यांसाठी दोन तासांचा वर्ग ठेवावा. शेड आहे, मशीन आहेत, शिकवणारे निदेशक आहेत. बोलावलं तर मीही येईन. आणि आपण दर उन्हाळ्याच्या तोंडी कूलरच्या माहितीबरोबर वेल्डिंगचीही एक चौकट छापावी.

तोवर माझ्या दुकानात रविवारी सकाळी आठ ते दहा कुणीही आपली काच, प्लग आणि केबल घेऊन यावं. मी बघून देईन, पैसे नाहीत. समोरचा तो पोरगा पहिल्याच रविवारी आला होता. नवीन तीन पिनचा प्लग त्याने स्वतःच्या हाताने बसवला, मी फक्त बाजूला उभा होतो.

आपला विश्वासू,
एक वाचक, गेट-ग्रिल कारागीर
हुडकेश्वर रोड, नागपूर
(कृपया नाव छापू नये.)